लाईट गेली तरी सुकाणू हललं पाहिजे

इलेक्ट्रिक बोटींचं इलेक्ट्रिकल डिझाईन करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, एका चार्जमध्ये किती जाते? नातेवाईक विचारतात, भाऊच्या धक्क्यावर ओळखीचे लोक विचारतात, आणि विचारणारच ना, मोबाईलपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना तीच सवय लागलीये. मला मात्र दिवसभर वेगळाच प्रश्न छळत असतो. समोर जेट्टी आलीये, बोटीत शे-दीडशे माणसं आहेत, ओहोटीचं पाणी ओढतंय आणि नेमकी तेव्हाच खाली एक केबल जळाली, तर काय काय चालू राहील? दोन मोटर्सपैकी एक तरी राहील का, सुकाणू हलेल का, सारंगाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, समोरचा व्हीएचएफ रेडिओ चालेल का? बॅटरी पैसे टाकून मोठी घेता येते, पण या प्रश्नाचं उत्तर विकत मिळत नाही, ते डिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे कुणाला कुठून वीज जाते त्या वाटपात, बसून काढावं लागतं, म्हणून मला वाटतं की इलेक्ट्रिक जहाजाचं खरं डिझाईन म्हणजे त्याचं डिस्ट्रिब्युशनच, आणि त्यावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही म्हणून आज लिहितेय. जरा लांबेल.

सगळं सुरू होतं ते सिंगल लाईन डायग्रामपासून, म्हणजे बोटीच्या विजेच्या नकाशापासून, आम्ही एसएलडी म्हणतो. एका शीटवर दोन जाड आडव्या रेघा, एक डावीकडचा बस, म्हणजे जिथून सगळ्यांना वीज वाटली जाते तो मुख्य पट्टा, एक उजवीकडचा, मध्ये दोघांना जोडणारा-तोडणारा बस-टाय ब्रेकर. प्रत्येक बसला आपली बॅटरी, आपली मोटर, असलाच तर आपला जनरेटर. मग खाली फीडर, म्हणजे एकेका उपकरणाला जाणाऱ्या लाईन, लोंबायला लागतात, कूलिंग पंप, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, व्हेंटिलेशन फॅन, नेव्हिगेशन लाईट, एसी, पँट्री. इथेच वाद सुरू होतात, कारण प्रत्येक पंप कुठल्या तरी एका बाजूला टांगावा लागतो आणि चुकीच्या बाजूला टांगला तर दोन बस काढूनही उपयोग शून्य. उदाहरण सांगते. डाव्या मोटरचा ड्राईव्ह, म्हणजे तिचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, पाण्याने थंड होतो आणि त्या पाण्याचा पंप उजव्या बसवर दिलाय. कागदावर दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात, पण उजवा बस गेला की दोन-चार मिनिटांत डावा ड्राईव्ह पण गरम होऊन ट्रिप होणार. असले लपलेले धागे शोधणं हेच अर्धं काम आहे. कंट्रोलची २४ व्होल्ट सप्लाय तर त्यात सगळ्यात वाईट, कारण एसएलडीवर ती बहुतेक वेळा कोपऱ्यात बारीक अक्षरात असते, आणि दोन्ही मोठे ब्रेकर एकाच २४ व्होल्टच्या चार्जरवर लटकलेले निघतात.

मोठ्या जहाजांना हे सगळं सोलासने, म्हणजे समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने, सांगितलेलंच आहे. सुकाणूच्या मशिनला मेन स्विचबोर्डवरून दोन स्वतंत्र फीडर हवेत, त्यातला एक इमर्जन्सी बोर्डमधून आला तरी चालतो, आणि दोन्ही केबल लांबीभर एकमेकींपासून जमेल तेवढ्या लांबून न्यायच्या. मेन सप्लाय गेली की इमर्जन्सी जनरेटर जास्तीत जास्त ४५ सेकंदांत लोडवर आला पाहिजे, आणि मालवाहू जहाजावर १८ तास, प्रवासी जहाजावर ३६ तास पुरला पाहिजे. तो इंजिनरूममध्ये ठेवायचा नाही, वर डेकवर ठेवायचा, म्हणजे खाली आग लागली किंवा पाणी भरलं तरी तो जिवंत. बंदरातल्या छोट्या बोटींना हे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, तरी विचार तोच ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

आपल्याला मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई अंधारात, लोकल जागच्या जागी उभ्या. बाहेरची ग्रिड पडली तर मुंबई वेगळी काढून चालू ठेवायची, ही आयलंडिंगची सोय असून त्या दिवशी ती टिकली नाही. जहाज तर जन्मापासूनच आयलंड असतं, बाहेरून मदत नाहीच, आणि लोकल जागेवर उभी राहते तशी बोट उभी राहत नाही, ती वाहत जाते.

वाहत जाणं म्हणजे काय ते २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरला सगळ्या जगाने बघितलं. डाली नावाचं जवळपास ३०० मीटरचं कंटेनर जहाज, रात्री दीडच्या आसपास, फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या अगदी जवळ आलेलं असताना ब्लॅकआउट झाला. जहाज पुलाच्या खांबाला धडकलं, पूल कोसळला, पुलावर रस्त्याचं काम करणारे सहा मजूर गेले. हे इलेक्ट्रिक प्रॉपल्शनचं जहाज नव्हे, मेन इंजिन डिझेलचंच, पण ते इंजिन चालू ठेवणारे पंप विजेवर, त्यामुळे लो व्होल्टेज बस गेल्यावर इंजिन पण बंद पडलं. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या वाहतूक अपघात तपासणाऱ्या संस्थेने, तपास केला आणि मूळ सापडलं ते एका सिग्नलच्या वायरमध्ये. वायरच्या टोकाला नंबर लिहिलेलं लेबल असतं ना, ते लेबल असं बसवलेलं होतं की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. ती ढिली झाली, ट्रान्सफॉर्मरचे ब्रेकर उघडले, बस मेला. दुसरा ट्रान्सफॉर्मर होता, पण त्याच्यावर आपोआप जाण्याऐवजी सिस्टीम मॅन्युअलवर होती. लोकांनी हाताने ब्रेकर ओढून लाईट परत आणली तर दुसरा ब्लॅकआउट झाला, कारण जनरेटरला डिझेल देण्यासाठी जो पंप वापरात होता तो लाईट गेल्यावर आपोआप परत सुरू होणारा नव्हता.

त्यातला प्रत्येक दुवा डिस्ट्रिब्युशनचाच आहे बघा. तो रिपोर्ट मी आमच्या ऑफिसात प्रिंट काढून ठेवलाय. आणि यार्डात आमचे एक जुने वायरमन काका आहेत, त्यांची पद्धत आता मला मनापासून पटते, ते पॅनल पूर्ण झालं की स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतात आणि प्रत्येक वायर चिमटीत धरून ओढून बघतात. प्रत्येक. शेकडो असतात. आधी वायरच्या टोकाची लग किंवा पिन टर्मिनलच्या आत गेलीये का ते टॉर्च मारून बघायचं, मग फेरूल, म्हणजे तेच नंबरचं लेबल, मागे सरकवायचं म्हणजे ते तोंडाशी अडकत नाही, मग स्क्रू, मग ओढायचं. मला म्हणाले, "मॅडम, स्क्रू घट्ट बसलाय म्हणून खूश नाय व्हायचं, स्क्रू फेरूलच्या प्लास्टिकवर पण घट्ट बसतो." हे आता आमच्या चेकलिस्टमध्ये लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत.

आता एसी की डीसी, यावर येते, कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

मुंबईची पहिली इलेक्ट्रिक लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि त्यानंतर नव्वदेक वर्षं आपण डीसीवरच प्रवास केला. मग वेस्टर्न, सेंट्रल करत करत २०१६ मध्ये हार्बर पण २५ हजार व्होल्ट एसीवर गेली. आणि जहाजं नेमकी उलट निघालीत, एसी सोडून डीसीकडे. २०१३ मध्ये नॉर्वेच्या दिना स्टार या ऑफशोअर सप्लाय जहाजावर १००० व्होल्टची डीसी ग्रिड बसली आणि आता बॅटरीवरच्या फेरीबोटींमध्ये डीसी बस ही अगदी नेहमीची गोष्ट झालीये. उलटं का, तर अंतर. रेल्वेला मैलोनमैल वायर टाकायची असते, कमी व्होल्टेजवर एवढा करंट न्यायचा म्हणजे वाटेतच व्होल्टेज पडतं, म्हणून व्होल्टेज वाढवा, आणि वाढवायला-उतरवायला ट्रान्सफॉर्मर, म्हणून एसी. जहाजाची लांबी किती, फेरी असेल तर चाळीस-पन्नास मीटर, तिथे हा प्रश्नच नाही. उलट बॅटरी डीसी, मोटरच्या ड्राईव्हच्या पोटात आधीच डीसी, सोलर डीसी. मध्ये कशाला एसी करून परत डीसी करायचं? शिवाय एसी बस असला की डिझेल जनरेटरला ६० हर्ट्झसाठी एकाच आरपीएमवर फिरत राहावं लागतं, लोड नसला तरी, आणि कमी लोडवर पूर्ण स्पीडने फिरणारं डिझेल तेल पण खातं आणि काजळी पण धरतं. डीसी बस असेल तर लोड कमी झाला की इंजिन खुशाल हळू फिरवा.

मग सगळे डीसीच का नाही करत? कारण डीसी तोडणं कठीण. ५० हर्ट्झ एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ब्रेकर उघडला की पेटणारा ठिणगीचा आर्क त्या शून्यावर विझून जातो. डीसीला शून्य नाहीच, आर्क पेटला की पेटलेला. त्यात प्रत्येक ड्राईव्हच्या आत डीसी साईडला वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर असतात. बसवर कुठेही शॉर्ट झाला की बॅटरी नंतर, आधी हे सगळे कपॅसिटर एका क्षणात त्या शॉर्टमध्ये रिकामे होतात. आणि इथे एक बारकावा आहे जो नवीन मुलांना समजवायला मला फार आवडतं. शॉर्ट डाव्या बसवर आहे, बस-टाय बंद आहे म्हणजे दोन्ही बस जोडलेले, तर उजव्या बाजूचे धडधाकट ड्राईव्ह पण आपले कपॅसिटर बस-टायमधून डावीकडे ओतायला लागतात. साधा ब्रेकर उघडायला दहा-वीस मिलिसेकंद तरी घेतो. तोपर्यंत उजवी बाजू पण कोरडी पडलेली असते, तिचे ड्राईव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतात आणि बोट पूर्ण आंधळी. म्हणून बस-टायला सेमीकंडक्टरचा ब्रेकर लागतो जो मायक्रोसेकंदांत तोडतो, आणि फीडरवर फास्ट फ्यूज. हा ब्रेकर महाग असतो. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कुणी ना कुणी विचारतं, हा काढून साधा लावला तर? तेव्हा मी हे कपॅसिटरचं गणित काढून समोर ठेवते. नाहीतर दुसरा पर्याय, बस-टाय कायम उघडा ठेवून चालायचं, दोन बोटी एका सांगाड्यात असल्यासारखं, आणि अरुंद चॅनलमध्ये किंवा जेट्टीला लागताना मी तरी तेच सुचवते.

आता पँट्रीतल्या किटलीची गोष्ट. चाळीत एका खोलीत मिक्सर शॉर्ट झाला आणि अख्ख्या मजल्याची लाईट गेली असं व्हायचं ना, तेच बोटीवर होऊ नये म्हणून सिलेक्टिव्हिटी बघतात, म्हणजे फॉल्टच्या सगळ्यात जवळचा ब्रेकर आधी पडला पाहिजे, मागचे जागेवर राहिले पाहिजेत. जनरेटरवर चालणाऱ्या जहाजात हे त्यातल्या त्यात सोपं, कारण शॉर्ट झाला की जनरेटर आपल्या रेटिंगच्या कितीतरी पट करंट ढकलतो आणि छोटा एमसीबी, घरच्या पॅनलमध्ये असतो तसला ब्रेकर, फटकन पडतो. बॅटरीच्या बोटीत दिवे, पंखे, किटली सगळं इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला करंट दाबून धरतो, समजा दुपटीपर्यंतच देतो. आता हिशेब करा. ५० केव्हीएचा इन्व्हर्टर, ४०० व्होल्ट थ्री फेज, म्हणजे ७२ अँपिअर, दुप्पट म्हणजे १४४. किटलीच्या सर्किटला कुणीतरी सवयीने १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी लावला, कर्व्ह म्हणजे किती पट करंटला ताबडतोब पडायचं तो प्रकार. सी-कर्व्ह खात्रीने ताबडतोब पडायला दहापट लागतो, म्हणजे १६० अँपिअर. इन्व्हर्टरकडे १४४ च आहेत! एमसीबी पडायची खात्री नाही, मग इन्व्हर्टर वाट बघून बघून स्वतःच बंद पडतो आणि सगळ्या बोटीचे दिवे जातात, एका किटलीसाठी. तिथेच बी-कर्व्ह लावला तर पाचपट म्हणजे ८० अँपिअरला पडतो, काम झालं. दुकानात दोघांच्या किमतीत म्हणावा असा फरक नसतो. पण हे कागदावर बसून तपासायला लागतं, ट्रायलला कुणी मुद्दाम किटली शॉर्ट करत नाही.

अर्थिंगचं थोडक्यात सांगते. घरी अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला, की ती गळती पकडणारा ईएलसीबी पडतो आणि पडलाच पाहिजे. जहाजावर न्यूट्रल सहसा मोकळा ठेवतात, हलशी म्हणजे जहाजाच्या सांगाड्याशी जोडत नाहीत, त्यामुळे पहिला अर्थ फॉल्ट झाला तर फक्त अलार्म वाजतो आणि सप्लाय चालू राहते, कारण एका केबलमध्ये पाणी शिरलं म्हणून सुकाणूची मोटर थांबवणं परवडत नाही. पण दुसऱ्या फेजला दुसरा फॉल्ट झाला की तो सरळ शॉर्ट, म्हणून पहिला अलार्म वाजल्यावर "बघू नंतर" करायचं नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हा अलार्म भरपूर वाजतो. डेकवरचे जंक्शन बॉक्स, केबल आत शिरते तिथले ग्लँड नीट न आवळलेले, आत खारं पाणी. इन्सुलेशन तपासणारा मेगर घेऊन एकेक फीडर सोडवत बसायचं.

उन्हाचं पण बघा. जहाजांना दर्जाचा दाखला देणाऱ्या क्लास सोसायट्यांच्या नियमांत मशिनरी ४५ डिग्री हवा आणि ३२ डिग्री समुद्राचं पाणी धरून डिझाईन करतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात खालच्या बंद कंपार्टमेंटमध्ये हे आकडे नुसते कागदावरचे राहत नाहीत. ब्रिटिश नेव्हीच्या टाईप ४५ डिस्ट्रॉयरचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. पूर्ण इलेक्ट्रिक प्रॉपल्शनची जहाजं, पण गरम पाण्यात त्यांच्या गॅस टर्बाईनची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची दमछाक व्हायची, टर्बाईन पडलं की सगळा लोड दोन छोट्या डिझेल जनरेटरवर यायचा, ते पण पडायचे आणि युद्धनौका समुद्रात काळोखात. शेवटी दोनाच्या जागी तीन मोठे डिझेल बसवायचं काम काढावं लागलं. लोड शेडिंगचा क्रम किती वेगाने लागला पाहिजे, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. एसी, पँट्री, पॅसेंजर चार्जिंग पॉईंट, हे सगळं आधी जायला पाहिजे, तेही एका सेकंदाच्या आत, माणसाने बटण दाबायची वाट न बघता.

आणि इलेक्ट्रिक जहाज म्हणजे परदेशातलं काहीतरी असं समजू नका हं. माझगावला बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या पाण्याखाली पूर्ण बॅटरीवरच चालतात. आयएनएस कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. एका पाणबुडीत ३६० सेल, प्रत्येक सेल ७५० किलोचा. पाण्याखाली डिस्ट्रिब्युशन फसलं तर काय, याचा विचार करणारी माणसं या शहरात आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्या एका फेरीच्या ट्रायलचं सांगते. बंदरातच, दुपारी, वाऱ्याला जरा जोर होता. बस-टाय उघडा, दोन्ही मोटर साठ-सत्तर टक्क्यांवर, सर्व्हेअर साहेब मागे स्टॉपवॉच घेऊन उभे. वॉकीटॉकीवर "पोर्ट बस ट्रिप", म्हणजे डावा बस पाडा, म्हटलं आणि खाली ब्रेकर पडल्याचा ठक्क आवाज वरपर्यंत आला. अर्धे दिवे गेले, ते ठरल्याप्रमाणेच, एकाआड एक दिवा वेगळ्या बसवर दिला होता म्हणून केबिनमध्ये पूर्ण अंधार कुठेच नाही. डावी मोटर बंद, उजवी ढकलतेय, म्हणजे नाक डावीकडे वळणारच, ते वळायला लागलं. सारंगाने व्हील उजवीकडे घेतलं, सुकाणूच्या पंपाची सप्लाय तोपर्यंत दुसऱ्या फीडरवर गेली होती, त्याला कळलं पण नाही. स्क्रीनवर एकामागून एक लाल होत गेलं, पँट्री, एसी, मग थांबलं. जे थांबायला पाहिजे होतं तिथेच थांबलं. सारंग मामा म्हणाले, "ताई, झालं काय? टेस्ट कधी घेताय?" यापेक्षा चांगला रिपोर्ट मला नको होता.

राहिला चार्जिंगचा भाग, तो पण डिस्ट्रिब्युशनच आहे, फक्त किनाऱ्यावरचं. गेटवे-मांडवा धरा. समजा एका बोटीला क्रूझिंगला ४०० किलोवॅट लागतात आणि तासभराचा प्रवास, तर एका फेरीला ४०० किलोवॅट-अवर. बॅटरी रोज तळापर्यंत वापरली तर लवकर मरते, वर राखीव पण हवी, म्हणजे ६००-७०० तरी बसवायची. मांडव्याला अर्धा तास थांबून चार्ज करायचं तर ८०० किलोवॅट सलग, आणि दोन बोटी एकदम लागल्या तर दीड मेगावॅटच्या वर. स्पीड थोडा कमी केला तर मोठा फरक पडतो, साध्या हलला पॉवर साधारण स्पीडच्या घनात वाढते, त्यामुळे दहा टक्के हळू गेलात तर वेळ अकरा टक्के वाढतो पण एनर्जी एकोणीस टक्के वाचते. टाईमटेबल बनवणाऱ्यांना आणि इलेक्ट्रिकलवाल्यांना एका टेबलावर बसवायला पाहिजे ते यासाठी.

नॉर्वेत २०१५ मध्ये अँपिअर नावाची कार फेरी सुरू झाली, १२० गाड्या नेणारी, बोटीवर साधारण एक मेगावॅट-अवरची बॅटरी. तिथल्या गावांची ग्रिड एवढा झटका सोसणारी नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या ठेवल्या, त्या ग्रिडमधून हळूहळू भरायच्या आणि बोट आली की पटकन ओतायच्या. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ ला सुरू झाली, कोचीन शिपयार्डच्या शंभर माणसांच्या बोटी, त्यांनी पटकन चार्ज होणारी लिथियम टायटनेट बॅटरी घेतली, ती जड पडते पण थांब्यावर दहा-पंधरा मिनिटांत भरते. आपल्या खाडीत दोन्ही वापरता येईल, जवळच्या फेऱ्यांना कोचीसारखं, मांडव्यासारख्या लांबच्याला धक्क्यावर बॅटरी. पण त्यासाठी जेट्टीचं ड्रॉइंग काढतानाच ट्रान्सफॉर्मरची जागा, भरतीच्या रेषेच्या वर पॅनल रूम, केबलचा ट्रेंच आणि महावितरणच्या लाईनचा अर्ज, हे सगळं सिव्हिलवाल्यांच्या पहिल्या शीटवर आलं पाहिजे. काँक्रीट ओतून झाल्यावर आम्हाला बोलावलं तर मग ते फोडण्यापासून सुरुवात करावी लागते.